गव्हाची तांबेरा-प्रतिकारक पैदास

गव्हाची तांबेरा-प्रतिकारक पैदास म्हणजे तांबेरा या बुरशीजन्य रोगाला बळी न पडणारे, किंवा रोग आला तरी उत्पादन टिकवून धरणारे, गव्हाचे वाण संकर व निवड या मार्गांनी तयार करण्याची शास्त्रीय प्रक्रिया होय. या रोगास मराठीत तांबेरा व गेरवा अशी दोन्ही नावे आहेत. रोगट पानांवर हात फिरवला असता गेरूसारखी तांबूस भुकटी बोटांना लागते, त्यावरून ही नावे पडली. महाराष्ट्रात या विषयावरील कार्य मुख्यतः तीन ठिकाणी चालते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे महाबळेश्वर (जि. सातारा) येथील गहू गेरवा संशोधन केंद्र, त्याच विद्यापीठाचे निफाडजवळील कुंदेवाडी (जि. नाशिक) येथील कृषी संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था ही ती ठिकाणे होत. सातारा, सांगली, कोल्हापूर व बेळगाव या भागांत पूर्वापार पिकणाऱ्या खपली गव्हाने जगभरातील तांबेरा-संशोधनाला प्रतिकारक जनुके पुरवली आहेत.

रोग व त्याचे प्रकार

तांबेरा हा रोग पुक्सिनिया या प्रजातीतील बुरशींमुळे होतो. ही बुरशी केवळ जिवंत वनस्पतीवरच जगू शकते. ती पानाच्या किंवा खोडाच्या आत शिरून पेशींतील अन्नरस शोषते व काही दिवसांनी बाह्यत्वचा फोडून बीजाणूंचे पुटकुळ्यांसारखे पुंजके बाहेर टाकते. गव्हावर तिचे तीन प्रकार आढळतात.

काळा किंवा खोडावरील तांबेरा : हा प्रामुख्याने खोडावर व पानांच्या आवरणावर येतो, पानांवर व ओंबीवरही दिसतो. पुंजके लांबट व विटकरी रंगाचे असून पीक पक्व होताना ते काळे पडतात. यास उष्ण हवामान मानवते. खोडातील अन्नरसाचा मार्ग तुटल्याने दाणे सुरकुततात आणि पीक लोळते. तिन्ही प्रकारांत हाच सर्वांत विनाशकारी मानला जातो.

नारिंगी किंवा पानावरील तांबेरा : यास तपकिरी तांबेरा असेही म्हणतात. पुंजके लहान, गोलसर, नारिंगी-तपकिरी असून पानांच्या वरच्या बाजूवर विखुरलेले असतात. साधारणतः १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात तो जोमाने वाढतो. भारतात याचा प्रसार सर्वाधिक प्रदेशात आहे.

पिवळा किंवा पट्टेरी तांबेरा : पुंजके पिवळे असून पानाच्या शिरांना समांतर अशा ओळींत येतात. यास थंड हवा लागते. उत्तर भारतातील डोंगराळ प्रदेश, पंजाब व हरियाणा येथे तो गंभीर ठरतो. महाराष्ट्राच्या मैदानी भागातील हिवाळा त्यास पुरेसा थंड नसल्याने येथे तो सर्वसाधारणपणे आढळत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील पैदास-कार्यक्रम काळ्या व नारिंगी तांबेऱ्यावर केंद्रित आहेत.

जीवनचक्र व प्रसार

तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्याने शेकडो किलोमीटर वाहून जातात. पानावर पडलेल्या बीजाणूस रुजण्यासाठी दवाचा किंवा पावसाचा ओलावा काही तास टिकून राहावा लागतो. एकदा शिरकाव झाला की साधारण एक ते दोन आठवड्यांत नवे पुंजके फुटतात व त्यांतील प्रत्येकातून हजारो बीजाणू बाहेर पडतात. अनुकूल हवामानात अशी अनेक आवर्तने एकाच हंगामात होतात. पोटरीत असताना पिकावर मोजके ठिपके दिसावेत आणि दाणे चिकात येईपर्यंत सारे शेत तांबूस व्हावे, असे घडते ते याच वेगामुळे.

युरोप व उत्तर अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याचे चक्र बार्बेरी या झुडपावर पूर्ण होते. त्यामुळे तेथे बार्बेरीची झुडपे तोडण्याच्या मोहिमा राबवण्यात आल्या. भारतातील परिस्थिती निराळी असल्याचे आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी दीर्घ संशोधनाने दाखवले. भारतातील मैदानी प्रदेशात उन्हाळ्याच्या उष्णतेत हे बीजाणू जगत नाहीत आणि बार्बेरीचा येथील वार्षिक प्रसाराशी संबंध नाही, असे त्यांनी प्रतिपादले. रोग थंड डोंगराळ भागांत उन्हाळाभर टिकतो व हिवाळ्यात तेथून मैदानात उतरतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. उत्तरेकडे हिमालय आणि दक्षिणेकडे निलगिरी व पलनी हे डोंगर ही त्याची उगमस्थाने होत. त्यांचे प्रबंध १९४० व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दुसरा त्यांच्या निधनानंतरचा आहे.

पुढे १९७०च्या दशकात एस. नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवासाचा हवामानशास्त्रीय उलगडा केला. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात निर्माण होणाऱ्या चक्रीवादळांच्या वाऱ्यांबरोबर निलगिरीतील बीजाणू उत्तरेकडे वाहतात आणि पावसाच्या थेंबांसोबत मध्य व द्वीपकल्पीय भारतातील कोवळ्या पिकावर उतरतात. या मार्गास संशोधकांनी ‘पुक्सिनिया पथ’ असे नाव दिले. या पथावर आधी लागणाऱ्या कर्नाटक व महाराष्ट्रातील पिकात रोग रोखला गेला, तर उत्तरेकडे जाणाऱ्या बीजाणूंचा साठा घटतो. म्हणूनच या पट्ट्यातील प्रतिकारक वाणांना केवळ स्थानिक नव्हे तर देशव्यापी महत्त्व आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तांबेरा गव्हाइतकाच जुना मानला जातो. प्राचीन रोममध्ये या रोगाच्या देवतेची शांती करण्यासाठी दरवर्षी २५ एप्रिल रोजी रोबिगालिया नावाचा उत्सव होत असे. हा रोग सूक्ष्म परजीवीमुळे होतो, हे इटलीतील फेलिचे फोंताना व जोव्हानी तार्जोनी तोत्सेत्ती यांनी १७६७ मध्ये वर्णिले. भारतातील नर्मदा खोऱ्यात तांबेऱ्याने गव्हाचे पीक उद्ध्वस्त झाल्याचे वर्णन विल्यम स्लीमन यांच्या १८४४ मध्ये प्रकाशित झालेल्या आठवणींत आढळते. भारतीय गव्हावरील तांबेऱ्यांचा पहिला विस्तृत शास्त्रीय आढावा बटलर व हेमन यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रतिकारशक्ती आनुवंशिक असते, हा या पैदाशीचा पाया होय. केंब्रिज येथील रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांनुसार पुढील पिढीत उतरते, असे दाखवले. त्यानंतर अमेरिकेत ई. सी. स्टॅकमन यांनी एकाच जातीच्या बुरशीत अनेक प्रभेद असतात आणि प्रत्येक प्रभेद ठरावीक वाणांवरच रोग निर्माण करतो, हे सिद्ध केले. पुढे एच. एच. फ्लोर यांनी जवसावरील तांबेऱ्याच्या अभ्यासातून ‘जनुकास जनुक’ हा सिद्धांत मांडला. पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर बुरशीत एक संबंधित जनुक असते आणि त्या जोडीवर रोग होणे वा न होणे अवलंबून राहते, असे हा सिद्धांत सांगतो.

भारतात नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत बी. पी. पाल यांनी तांबेरा-प्रतिकारक पैदाशीचा पाया घातला. तिन्ही तांबेऱ्यांस प्रतिकार करणारा एन. पी. ८०९ हा वाण १९५४ मध्ये त्या कार्यातून पुढे आला. दरम्यान १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची भीषण साथ आली व गव्हाचे सुमारे २० लाख टन नुकसान झाल्याचा अंदाज आहे. बंगालच्या दुष्काळाला तीन-चार वर्षेच लोटली होती आणि देशात शिधावाटप चालू होते. अशा काळात आलेल्या या साथीने प्रतिकारक वाणांची निकड अधोरेखित केली. तत्कालीन मुंबई राज्यात केनियातील प्रतिकारक गहू व निफाडचा स्थानिक गहू यांच्या संकरातून वाण तयार करण्यात आले; त्यांना दोन्ही नावे जोडून ‘केनफड’ असे संबोधण्यात आले.

महाबळेश्वरचे स्थान

महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे १,३७० मीटर उंचीवर वसले आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या नद्यांचे उगमस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. पर्यटकांना सुखावणारी येथील थंड हवा तांबेऱ्यालाही मानवते. पानांवर दीर्घकाळ टिकणारे दव, धुके व सौम्य तापमान यांमुळे काळा व नारिंगी असे दोन्ही तांबेरे येथे जोमाने वाढतात. ज्या ठिकाणी रोग दरवर्षी खात्रीने व तीव्रतेने येतो, त्यास रोगशास्त्रात ‘रोगाचे उष्णस्थळ’ म्हणतात. महाबळेश्वर हे गव्हाच्या तांबेऱ्याचे असे उष्णस्थळ आहे.

पैदासकाराला अशा जागेची गरज का भासते, हे समजून घेणे आवश्यक आहे. रोगमुक्त प्रदेशात वाढलेला प्रत्येक वाण निरोगीच दिसतो. त्याची प्रतिकारशक्ती खरी आहे की त्याला केवळ रोगाची गाठ पडलेली नाही, हे तेथे कळत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत एखाद्या वर्षी तांबेरा मुळीच येत नाही आणि पुढील वर्षी अवकाळी पावसानंतर अचानक पसरतो. अशा अनिश्चिततेवर निवड आधारता येत नाही. महाबळेश्वरमध्ये मात्र दुर्बळ वाण पहिल्याच हंगामात उघडा पडतो.

अखिल भारतीय समन्वित गहू सुधार प्रकल्प १९६५ मध्ये सुरू झाला. या प्रकल्पांतर्गत देशातील विविध केंद्रांवर तयार झालेले नवे वाण प्रसारणापूर्वी रोगचाचणीच्या वाफ्यांत लावले जातात. दक्षिणेकडील तांबेऱ्यांसाठी महाबळेश्वर, निफाड, पुणे, धारवाड, वेलिंग्टन (निलगिरी), इंदूर व पवारखेडा इत्यादी ठिकाणी ही चाचणी होते. एखादा वाण पंजाबात किंवा मध्य प्रदेशात निर्माण झाला असला, तरी त्याच्या मूल्यमापनात महाबळेश्वरच्या डोंगरावरील नोंदींचा वाटा असू शकतो.

पैदाशीची पद्धत

पैदाशीची सुरुवात जनकांच्या निवडीपासून होते. एक जनक सहसा उत्पादनक्षम व स्थानिक हवामानास सरावलेला असतो, तर दुसऱ्यात हवी ती प्रतिकारशक्ती असते. गहू स्वपरागित असल्याने एका जनकाच्या फुलांतील परागकोश पक्व होण्यापूर्वी चिमट्याने काढून टाकावे लागतात. त्यानंतर ओंबीवर कागदी पिशवी चढवून दुसऱ्या जनकाचे पराग तिच्यावर सोडतात. पहिल्या पिढीतील सर्व रोपे सारखी असतात. दुसऱ्या पिढीत गुणांचे विभाजन होऊन प्रत्येक रोप निराळे निपजते आणि खरी निवड येथूनच सुरू होते. प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असेल, तर या पिढीत साधारणतः प्रत्येक चार रोपांमागे तीन प्रतिकारक व एक रोगग्राही असे प्रमाण मिळते.

निवडलेल्या रोपांचे बियाणे ओळवार पेरून पिढ्यान् पिढ्या पारखले जाते. गुण स्थिर होण्यास साधारण सहा ते आठ पिढ्या लागतात. हा काळ कमी करण्यासाठी वर्षातून दोन पिढ्या घेतल्या जातात. हिवाळ्यातील पिढी मैदानात आणि उन्हाळ्यातील पिढी निलगिरीतील वेलिंग्टन किंवा हिमाचल प्रदेशातील लाहौल अशा थंड ठिकाणी वाढवतात. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी सोनोराच्या सखल प्रदेशात व तोलुकाच्या उंच पठारावर आळीपाळीने पिढ्या वाढवून हीच पद्धत यशस्वी केली होती. १९४४ मध्ये त्यांच्या तेथील कार्याचा प्रारंभ झाला तो तांबेऱ्याच्या प्रश्नापासूनच.

प्रतिकारक जनक रानटी असेल किंवा निराळ्या जातीचा असेल, तर संकरात त्याचे नको ते गुणही उतरतात. अशा वेळी संकरित रोपाचा मूळच्या चांगल्या वाणाशी पुन्हापुन्हा संकर करतात. प्रत्येक फेरीत प्रतिकारक रोपे तेवढी राखली जातात व इतर अवांछित गुण कमी होत जातात. गव्हाच्या दूरच्या नातलग गवतांतून व राय या धान्यातून काही महत्त्वाची जनुके अशाच प्रकारे गव्हात आणली गेली. अलीकडे डीएनए-चिन्हकांच्या साहाय्याने रोपावस्थेतच जनुकाची उपस्थिती तपासता येते. त्यामुळे एकाच वाणात दोन-तीन जनुके एकत्र करणे सुकर झाले आहे.

चाचणी व मोजमाप

रोगचाचणी दोन टप्प्यांत होते. पहिली रोपावस्थेतील चाचणी नियंत्रित तापमानाच्या काचगृहात होते. तीत एकेका ज्ञात प्रभेदाचे बीजाणू रोपांवर सोडून कोणत्या जनुकाचे संरक्षण आहे, याचा अंदाज घेतात. या कामाचे देशातील मुख्य केंद्र सिमला येथे असून तेथे तांबेऱ्याचे प्रभेद जतन करून ठेवलेले आहेत. दुसरी चाचणी शेतात, पूर्ण वाढलेल्या पिकावर होते. महाबळेश्वरसारख्या केंद्राची भूमिका या दुसऱ्या टप्प्यात असते.

शेतातील चाचणीत प्रत्येक वाणाची छोटी ओळ पेरतात. ठरावीक अंतराने आणि वाफ्याच्या कडेने ‘आग्रा लोकल’सारखे अतिशय रोगग्राही गहू लावतात, ते रोग वाढवून शेजारच्या ओळींवर फैलावतात. शिवाय बीजाणू पाण्यात मिसळून पिकावर फवारले जातात किंवा पोटरीतील खोडात सुईने टोचले जातात. सायंकाळी पाणी देऊन ओलावा टिकवला जातो.

नोंद दोन अंगांनी होते. सुधारित कॉब श्रेणीनुसार पानाचा किती टक्के भाग रोगाने व्यापला, हे शेकड्यात मांडतात. त्यापुढे पुंजक्यांचे स्वरूप अक्षरांनी दर्शवतात : प्रतिकारक, मध्यम प्रतिकारक, मध्यम रोगग्राही व रोगग्राही. या वर्गांना अनुक्रमे ०.२, ०.४, ०.८ व १.० असे गुणक दिलेले आहेत. टक्केवारीला गुणकाने गुणल्यास रोगगुणांक मिळतो. उदाहरणार्थ, ४० टक्के व मध्यम रोगग्राही असलेल्या वाणाचा गुणांक ३२ येतो. २० टक्के व मध्यम प्रतिकारक असलेल्या वाणाचा ८ येतो. सर्व केंद्रांवरील गुणांकांची सरासरी काढून वाणांची तुलना केली जाते. एकाच ठिकाणच्या नोंदीवर निर्णय होत नाही, कारण एका केंद्रावर आढळणारा प्रभेद दुसऱ्या केंद्रावर नसू शकतो.

खपली गहू

खपली हा चार संचांची २८ गुणसूत्रे असलेला, टरफलात घट्ट बसलेल्या दाण्यांचा प्राचीन गहू आहे. नेहमीच्या पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात. कृष्णाकाठच्या सातारा, सांगली, कोल्हापूर व बेळगाव या पट्ट्यात खपलीची लागवड परंपरेने होत आली आहे आणि तिची खीर सणासमारंभात आवर्जून केली जाते. मळणीनंतरही टरफल निघत नसल्याने दाणे वेगळे कांडावे लागतात. अधिक उत्पादन देणारे बुटके वाण आल्यावर तिचे क्षेत्र घटले.

काळ्या तांबेऱ्याच्या संशोधनात खपलीला आगळे स्थान आहे. स्टॅकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रभेद ओळखण्यासाठी निवडलेल्या बारा प्रमाणभूत गव्हांच्या जागतिक संचात ‘खपली’ याच मराठी नावाने तिचा समावेश होता. बहुतेक प्रभेद तिच्यावर फारसा रोग निर्माण करू शकत नसत. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे वॉल्टर वॉटरहाउस यांनी खपली व स्टाइनवेडेल या ऑस्ट्रेलियन गव्हाच्या संकरातून ‘खपस्टीन’ हा वाण तयार केला. गुणसूत्रांची संख्या भिन्न असल्याने अशा संकराची पहिली पिढी बव्हंशी वांझ निघते. त्यामुळे प्रतिकारशक्ती टिकवून सुपीक रोपे मिळवणे चिकाटीचे काम ठरते.

खपलीतून आलेली काळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुके एसआर-१३ व एसआर-१४ या संज्ञांनी ओळखली जातात. एसआर-१३ या जनुकाचे क्लोनिंग २०१७ मध्ये जाहीर झाले. पुढे वर्णिलेल्या यूजी-९९ या प्रभेदाविरुद्धही हे जनुक उपयोगी ठरले. मात्र त्यावर मात करणारे प्रभेद इथिओपियात आढळले आहेत. खपलीवरील सुधारणेचे काम भारतातही चालू राहिले. धारवाडचे डीडीके १०२५ व डीडीके १०२९, वेलिंग्टनचा एचडब्ल्यू १०९८ आणि आघारकर संस्थेचा एमएसीएस २९७१ हे तिचे सुधारित बुटके वाण होत.

महाराष्ट्रातील प्रतिकारक वाण

निफाड येथील केंद्राने विकसित केलेल्या सरबती गव्हाच्या वाणांत एनआयएडब्ल्यू ३०१ (त्र्यंबक), एनआयएडब्ल्यू ९१७ (तपोवन), मर्यादित पाण्यासाठीचा एनआयएडब्ल्यू १४१५ (नेत्रावती) व वेळेवर तसेच उशिरा पेरणीसाठीचा एनआयएडब्ल्यू १९९४ (फुले समाधान) हे प्रमुख आहेत. बन्सी गव्हात एनआयडीडब्ल्यू २९५ (गोदावरी) व एनआयडीडब्ल्यू १५ (पंचवटी) यांचा समावेश होतो. प्रसारणाच्या वेळी तांबेरा-प्रतिकार हा या वाणांच्या शिफारशीतील महत्त्वाचा गुण होता.

आघारकर संशोधन संस्थेची मातृसंस्था महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी १९४६ मध्ये स्थापन झाली. संस्थेचे प्रक्षेत्र बारामती तालुक्यातील होळ येथे आहे. तिने विकसित केलेला एमएसीएस ६४७८ हा सुमारे ११० दिवसांत तयार होणारा वाण नारिंगी व काळ्या तांबेऱ्याच्या बहुतेक प्रभेदांस प्रतिकारक आहे. त्याच्या दाण्यात सुमारे १४ टक्के प्रथिने असतात. सातारा जिल्ह्यातील करंजखोप येथील शेतकऱ्यांना लोक-१ व एचडी २१८९ अशा जुन्या वाणांपासून हेक्टरी २५ ते ३० क्विंटल उत्पादन मिळत असे. या वाणापासून ते ४५ ते ६० क्विंटलपर्यंत गेल्याचे केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये नमूद केले.

प्रतिकारशक्तीचा ऱ्हास

प्रतिकारक वाण कायमस्वरूपी प्रतिकारक राहत नाही. एकच जनुक असलेला वाण लाखो हेक्टरवर पसरला की त्यावर जगू शकणारा एखादा उत्परिवर्तित बीजाणू निवडला जातो आणि त्याचीच संतती सर्वत्र वाढते. १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या कल्याणसोना या हरितक्रांतीच्या काळातील वाणाचा अनुभव असाच आहे. पुढील काही वर्षांत तो नारिंगी तांबेऱ्यास बळी पडू लागला व १९७०च्या दशकाच्या आरंभी उत्तर भारतात साथ पसरली. एखाद्या वाणाचे यश हेच अशा रीतीने त्याच्या ऱ्हासाचे कारण ठरते.

१९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रभेद आढळला; तो यूजी-९९ या नावाने ओळखला जातो. राय धान्यातून आलेले व जगभरातील वाणांत वापरलेले एसआर-३१ हे जनुक त्याने निष्प्रभ केले. त्यानंतर २००५ मध्ये बोरलॉग यांच्या पुढाकाराने जागतिक तांबेरा उपक्रम सुरू झाला. भारतीय वाणही केनियातील न्योरो येथे चाचणीसाठी पाठवले जाऊ लागले. हा प्रभेद भारतात आढळल्याची नोंद नाही. तथापि बीजाणूंना सीमा नसल्याने सिमला येथील केंद्र व सहकारी केंद्रे दरवर्षी रोगट नमुने गोळा करून प्रभेदांचे सर्वेक्षण करतात.

ऱ्हास लांबवण्यासाठी पैदासकार तीन उपाय अवलंबतात. एकाच वाणात अनेक जनुके एकत्र करणे हा पहिला उपाय होय. बुरशीला एकाच वेळी सर्वांवर मात करणे अवघड जाते. रोग पूर्णपणे न रोखता त्याची वाढ मंदावणाऱ्या जनुकांचा वापर हा दुसरा. एसआर-२ व एलआर-३४ ही अशी जनुके असून ती अनेक दशके टिकली आहेत. त्यांपैकी एसआर-२ हे एडगर मॅक्फॅडन यांनी अमेरिकेत खपलीच्याच वर्गातील यारोस्लाव एमर या गव्हातून ‘होप’ या वाणात आणले होते. एकाच भागात निरनिराळ्या प्रतिकारक वाणांची लागवड करणे हा तिसरा उपाय होय.

मक्यातील समांतर कार्य

पानांवरील रोगांविरुद्धची पैदास मक्यातही याच तत्त्वांवर चालते. मक्यावर पानांचा करपा, त्याचप्रमाणे पुक्सिनिया सॉर्घाय या बुरशीमुळे होणारा तांबेरा येतो. महाराष्ट्रात मका सुधाराचे काम कोल्हापूर येथील केंद्रात होते. मका परपरागित असल्याने पैदाशीची रीत गव्हाहून वेगळी आहे. रोपांचे सतत स्वपरागण करून शुद्ध वंश तयार करतात, त्यांची रोगट परिस्थितीत पारख करतात आणि निवडक वंशांच्या संकरातून शेतकऱ्यांसाठी संकरित बियाणे बनवतात. शुद्ध वंशात प्रतिकार नसेल, तर त्यापासूनच्या संकरितांतही तो अभावानेच येतो. म्हणून रोगचाचणी वंशांच्या पातळीवरच करावी लागते.

एकसारखेपणाचा धोका मक्याने ठळकपणे दाखवला. अमेरिकेत संकरित बियाणे स्वस्तात करण्यासाठी ‘टेक्सास’ प्रकारचे नरवंध्य पेशीद्रव्य बहुतेक वाणांत वापरले गेले होते. १९७० मध्ये करप्याच्या एका प्रभेदाने नेमक्या याच पेशीद्रव्यावर हल्ला केला आणि त्या वर्षीच्या मक्याच्या पिकाचे सुमारे १५ टक्के नुकसान झाले.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्व

तांबेऱ्यावर प्रोपिकोनॅझोलसारखी बुरशीनाशके परिणामकारक आहेत. परंतु फवारणीचा खर्च, यंत्रसामग्री व योग्य वेळ साधणे लहान शेतकऱ्यास कठीण जाते. प्रतिकारक वाणाचे संरक्षण बियाण्याच्या किमतीतच येते आणि जमीन व पाण्यावर रसायनांचा भार टाकत नाही. तरीही वाणाच्या जोडीला मशागतीचे काही नियम पाळणे आवश्यक असते. महाराष्ट्रात बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करण्याची शिफारस आहे. पेरणी लांबल्यास दाणे भरण्याच्या अवस्थेत वाढते तापमान व तांबेरा यांचा मारा एकदम बसतो. युरियाचा अतिरेक झाल्यास पाने लुसलुशीत होतात, पीक दाट वाढते आणि ओलावा टिकून रोग बळावतो.

एकच वाण वर्षानुवर्षे घरच्या बियाण्यातून पेरणे सोयीचे असले, तरी त्याची प्रतिकारशक्ती शिफारशीच्या वेळेइतकी उरलेली असेलच असे नाही. त्यामुळे काही वर्षांनी वाण बदलणे व शेतात तांबेऱ्याचे ठिपके आढळल्यास नजीकच्या संशोधन केंद्रास कळवणे उपयुक्त ठरते. अशा नमुन्यांतूनच नव्या प्रभेदाचा सुगावा लागतो आणि पुढील पैदाशीची दिशा निश्चित होते.